महानायकाचा पोशाख आणि वाचकाचा हक्क

खास प्रतिनिधी
नंदाखाल (ता. वसई)

विरारच्या पश्चिमेस, आगाशीजवळ वसलेल्या नंदाखाल गावात पोशाखाचे महत्त्व कोणास समजावून सांगावे लागत नाही. सामवेदी ख्रिस्ती समाजातील आजीबाईंचे लाल लुगडे रोजच्या वापरातून मागे पडले असले, तरी सणासमारंभाला ते कपाटातून हमखास बाहेर निघते. ते नेसलेली स्त्री कोणत्या समाजाची, हे दुरूनही ओळखू येते. उद्या बाहेरच्या कोणी येऊन या लुगड्याचा रंग निळा ठरवला, तर गाव ते निमूटपणे मान्य करील काय? चित्रकथांतील महानायकाचा पोशाख बदलला की जगभरातील वाचक जो गदारोळ करतात, त्याचे मूळ याच प्रश्नात आहे.

चड्डीचा रंग, टोपीचा आकार, अंकाचा क्रमांक या गोष्टींवरून मोठी माणसे भांडतात, हे त्रयस्थाला हास्यास्पद वाटते. पण गेल्या काही दशकांतील प्रसंग एकत्र पाहिले, तर या भांडणांत एक निश्चित सूत्र आढळते. कथेला गरज म्हणून झालेला बदल वाचक उशिरा का होईना स्वीकारतो. कार्यालयात बसून ठरवलेला बदल तो फार काळ टिकू देत नाही. या सूत्राचा सर्वांत बोलका पुरावा अमेरिकेइतकाच आपल्या मुंबईत आणि मराठी वाचकांच्या आठवणींत सापडतो.

हजारावा अंक आणि लाल चड्डी

सुपरमॅनचा जन्म जून १९३८ ही तारीख छापलेल्या 'ॲक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकात झाला. निळा अंगरखा, पाठीवर लाल शाल आणि विजारीवर लाल चड्डी हा त्याचा वेश त्या काळच्या सर्कशीतील पहिलवानांच्या वेशावरून घेतलेला होता. त्या वेळच्या वाचकाला त्यात काही वावगे वाटले नाही; ताकदवान माणूस असाच दिसतो, हे त्याने सर्कशीच्या तंबूत पाहिलेले होते. पुढे सर्कशी ओसरल्या आणि ती चड्डी केवळ विनोदाचा विषय होऊन बसली.

२०११ मध्ये डीसी या प्रकाशनसंस्थेने आपल्या सर्व मालिका पहिल्या क्रमांकापासून नव्याने सुरू केल्या. त्यात सुपरमॅनच्या वेशातून लाल चड्डी वगळण्यात आली. वेश आधुनिक दिसावा हा हेतू होता. मात्र जुन्या वाचकांच्या दृष्टीने एकाच वेळी दोन गोष्टी हिरावल्या गेल्या होत्या: नायकाचे ओळखीचे रूप आणि अनेक दशके चालत आलेली अंकांची मोजणी. पुढे मोजणी पूर्ववत करण्यात आली आणि एप्रिल २०१८ मध्ये 'ॲक्शन कॉमिक्स'चा हजारावा अंक प्रसिद्ध झाला. त्या अंकाच्या निमित्ताने लाल चड्डीही परतली. मैलाचा दगड आणि मूळ पोशाख यांची सांगड घातली गेली, हा योगायोग नव्हता. ज्या दिवशी वाचक मागे वळून पाहणार, त्या दिवशी त्याला ओळखीचा चेहरा दिसावा, हे प्रकाशकांनीही ओळखले होते.

जुलै २०२५ मध्ये प्रदर्शित झालेल्या 'सुपरमॅन' चित्रपटातही हाच वाद उभा राहिला. दिग्दर्शक जेम्स गन यांच्या म्हणण्यानुसार, चड्डी ठेवावी की नाही याबाबत ते साशंक होते. तेव्हा मुख्य भूमिकेतील डेव्हिड कोरेनस्वेट यांनी मुद्दा मांडला, की परग्रहावरून आलेल्या इतक्या सामर्थ्यवान माणसाला पाहून मुलांनी घाबरू नये, म्हणूनच तो असे रंगीबेरंगी कपडे घालत असेल. हे कारण गन यांना पटले. वाचकांनी तरी याहून वेगळे काय मागितले होते? कारण मिळाले की कपडा शोभतो.

काळा झालेला स्पायडरमॅन

याच सूत्राची दुसरी बाजू स्पायडरमॅनच्या बाबतीत दिसते. १९८२ मध्ये एका तरुण वाचकाने मार्व्हल कंपनीला नव्या काळ्या पोशाखाची कल्पना कळवली आणि कंपनीने ती २२० डॉलरना विकत घेतली. १९८४ मध्ये 'अमेझिंग स्पायडरमॅन'च्या २५२ व्या अंकात नायक खरोखरच काळ्या वेशात अवतरला. अंक बाजारात येण्यापूर्वीच वाचकांचा विरोध सुरू झाला होता. वास्तविक ही कल्पना त्यांच्यापैकीच एकाची होती. पण तांबडा-निळा कोळी काळा का झाला, याचे उत्तर अद्याप कोणाला मिळालेले नव्हते.

लेखकांनी पुढे विरोधाचेच कथानक केले. हा पोशाख म्हणजे कापड नसून परग्रहावरील एक सजीव प्राणी आहे आणि तो नायकाचा हळूहळू ताबा घेत आहे, असे कथेत उघड झाले. वाचकाच्या मनात असलेली शंका नायकाच्याही मनात उतरली. नायकाने तो वेश झुगारला आणि टाकून दिलेल्या त्याच प्राण्यापासून पुढे 'व्हेनम' हा खलनायक निर्माण झाला. १९८८ मधील तीनशेव्या अंकात व्हेनमशी पूर्ण लढत झाली आणि त्याच अंकात स्पायडरमॅन आपल्या मूळ रंगांत परतला. येथेही मैलाचा अंक आणि पोशाखाची परतफेड एकत्र आली. आज काळा स्पायडरमॅन ज्यांना प्रिय आहे, त्यांना तो कथेमुळे प्रिय आहे, हे ध्यानात घ्यावयास हवे.

'वंडर वुमन'च्या बाबतीत मात्र गणित फसले. मालिकेची जुनी मोजणी परत हवी असेल तर वाचकांनी ६०० पोस्टकार्डे पाठवावीत, असे आवाहन डीसीने २००९ मध्ये केले. मागणीपेक्षा अधिक पोस्टकार्डे आली आणि २०१० मध्ये सहाशेवा अंक निघाला. वाचकांनी स्वतः मिळवलेला हा मैलाचा दगड होता. पण त्याच अंकापासून नायिकेला विजार आणि जाकीट असा नवा वेश देण्यात आला. क्रमांकासाठी वाचकांना विचारले. वेशासाठी विचारले नाही. परिणामी उत्सवाच्या अंकावर वादाचीच छाया पडली आणि जेमतेम वर्षभरात तो वेश मागे घेण्यात आला.

वेताळ जांभळा का?

आता आपल्या घरी येऊ. मार्च १९६४ मध्ये मुंबईतून 'टाइम्स ऑफ इंडिया'च्या प्रकाशनसंस्थेने 'इंद्रजाल कॉमिक्स' सुरू केले. पुढे 'अमर चित्र कथा' साकारणारे अनंत पै यांचाही त्याच्या उभारणीत सहभाग होता. आरंभीच्या ३२ अंकांत ली फॉक यांच्या 'फॅन्टम' या नायकाच्याच कथा होत्या. मराठी आवृत्ती १९६० च्या दशकातच निघाली आणि मराठी घरांत हा नायक 'वेताळ' या नावाने दाखल झाला.

वेताळाच्या जांभळ्या पोशाखाची कथा मोठी रंजक आहे. १७ फेब्रुवारी १९३६ रोजी अमेरिकेतील वृत्तपत्रांत ही चित्रमालिका सुरू झाली, तेव्हा ती कृष्णधवल होती. फॉक यांच्या मनात पोशाखाचा रंग राखाडी होता. भुताला शोभेल असा. मे १९३९ मध्ये रविवारची रंगीत पुरवणी सुरू झाली आणि छापखान्यात त्याला जांभळा रंग लागला. इतर देशांतील छापखान्यांनी आपापला रंग निवडला. स्कॅन्डिनेव्हियातील वाचकांचा नायक निळा झाला. इटली, तुर्कस्तान आणि ब्राझीलमध्ये तो लाल झाला. फॉक यांनी नंतर कथेतच जंगलातील फळांच्या रंगाचा दाखला देऊन जांभळ्याला कारण पुरवले. स्वीडनमधील वाचकाला जांभळा वेताळ दाखवला तर तो त्याला तोतया समजेल आणि मराठी वाचकाला लाल वेताळ दाखवला तर तोही तेच म्हणेल. छापखान्यातील योगायोगाने ठरलेला रंग तीन पिढ्यांच्या प्रेमाने पक्का झाला.

मराठी वाचकापर्यंत येताना आणखी एक बदल झाला आणि तो रंगाहून मोठा होता. तो होता नावाचा. कोकणात आणि गोव्यात वेताळ हा गावाचा राखणदार देव आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील आरवली येथील श्री देव वेतोबाला भाविक भल्यामोठ्या चामड्याच्या वहाणा अर्पण करतात. देव रात्री त्या घालून गावाच्या रक्षणासाठी फिरतो आणि म्हणून त्या झिजतात, अशी श्रद्धा आहे. इकडे फॉक यांच्या नायकाची ख्याती काय? पिढ्यानपिढ्या न मरता जंगलात फिरणारे आणि दुर्बळांचे रक्षण करणारे भूत! प्रत्यक्षात मुखवटा बापाकडून मुलाकडे जातो आणि जंगलातील लोकांना तो एकच अमर पुरुष वाटतो. न्यूयॉर्कमध्ये बसून लिहिणाऱ्या फॉक यांना वेतोबा ठाऊक असण्याचे कारण नव्हते. पण कोकणी मुलुखातल्या वाचकाला हा परकीय नायक पहिल्याच भेटीत ओळखीचा वाटला असेल, तर नवल नाही.

नावाप्रमाणे गावेही बदलली. मूळ कथेतील देशाचे नाव बंगालशी साधर्म्य सांगणारे होते. भारतीय आवृत्तीत त्याचे 'डेंकाली' झाले. 'सिंग' या नावाने ओळखले जाणारे समुद्री चाचे 'सिंगा' झाले. भारतातील प्रांत आणि समाज दुखावू नयेत, ही काळजी त्यामागे दिसते. हेदेखील एक प्रकारचे पोशाखबदलच होते. त्यांविरुद्ध ओरड झाली नाही, कारण बहुसंख्य वाचकांच्या हाती आलेले पहिले रूप हेच होते. माणूस ज्या रूपात नायकाला प्रथम भेटतो, तेच त्याच्या लेखी मूळ रूप ठरते.

कुर्ता आणि जीन्स

परकीय नायकांच्या या मेळ्यात १९७६ मध्ये एक देशी नायक उतरला. आबिद सुरती यांनी निर्माण केलेला आणि गोविंद ब्राह्मणिया यांनी चितारलेला 'बहादूर'. दरोडेखोराचा मुलगा, ज्याला बापाला ठार करणाऱ्या पोलीस अधिकाऱ्यानेच वाढवले आणि जो पुढे दरोडेखोरांविरुद्ध गावकऱ्यांची नागरी संरक्षण संघटना उभी करतो, असे त्याचे चरित्र. चंबळच्या दरोडेखोरांच्या बातम्या तेव्हा वर्तमानपत्रांत नित्य झळकत असल्याने कथेची पार्श्वभूमी वाचकाच्या परिचयाची होती.

बहादूरला मुखवटा नव्हता, शाल नव्हती. भगवा कुर्ता आणि निळी जीन्स एवढाच त्याचा वेश. महानायकाचा हा पोशाख कोणत्याही शिंप्याकडे शिवून मिळण्यासारखा होता आणि हेच त्याचे सामर्थ्य होते. त्या काळी महाराष्ट्रातील महाविद्यालयांत कुर्ता-जीन्स आणि खांद्याला शबनम अशी मुले सर्रास दिसत. वेताळाचे कपडे घालण्यासाठी स्नेहसंमेलनाची वाट पाहावी लागे; बहादूरचे कपडे घालून सकाळच्या लोकलने कॉलेजला जाता येत असे. विशेष म्हणजे बहादूरचे हे जनक पुढे आपल्या वसई-विरारच्याच रेल्वेमार्गावर, मीरा रोड येथे, वेगळ्या कामासाठी परिचित झाले. २००७ पासून सुरती यांनी प्लंबरला सोबत घेऊन घरोघरी गळके नळ विनामूल्य दुरुस्त करण्याची मोहीम चालवली.

इतर देशी नायकांच्या जडणघडणीतही महाराष्ट्राचा वाटा आहे. १९८६ मध्ये दिल्लीच्या राज कॉमिक्सने आणलेल्या 'नागराज'ला आरंभीचे रूप दिले ते चित्रकार प्रताप मुळीक यांनी. १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात अमिताभ बच्चन यांच्यावर बेतलेल्या 'सुप्रीमो' या चित्रकथेतील गुलाबी पोशाख, कमरेला गाठ मारलेली लुंगी आणि काळा चष्मा हेही मुळीक यांच्याच कुंचल्याचे काम. 'सुप्रीमो' अल्पायुषी ठरला. पडद्यावरच्या अमिताभला जो वाचक आधीच ओळखत होता, त्याला गुलाबी वेशाची गरज भासली नसावी.

धोतरातला स्पायडरमॅन

२००४ मध्ये 'स्पायडरमॅन'लाच मुंबईत आणण्याचा प्रयोग झाला. शरद देवराजन, सुरेश सीतारामन आणि चित्रकार जीवन कांग यांच्या 'स्पायडरमॅन : इंडिया' या चार अंकांच्या मालिकेत पीटर पार्करचा 'पवित्र प्रभाकर' झाला, मे मावशीची 'माया' आणि मेरी जेनची 'मीरा जैन'. किरणोत्सर्गी कोळ्याच्या दंशाऐवजी एका योग्याकडून नायकाला शक्ती मिळते. पोशाखाचा वरचा भाग मूळचा, खाली मात्र पांढरे धोतर आणि टोकदार मोजड्या.

हेतू चांगला होता, पण मराठी वाचकाला काही गोष्टी खटकण्यासारख्या होत्या. 'प्रभाकर' हे आपल्याकडे आडनाव नव्हे. ते बहुधा वडिलांचे नाव म्हणून मधे येते. आणि मुंबईतला कोणता विद्यार्थी २००४ मध्ये धोतर नेसून फिरत होता? ते धोतर दादरचे नव्हते, परळचे नव्हते. परदेशी डोळ्यांना 'भारत' म्हणून चटकन कळावे यासाठी नेसवलेले होते. बहादूरचा कुर्ता रस्त्यावरून आला होता, पवित्रचे धोतर पाठ्यपुस्तकातून आले होते. दोन्हींतील फरक वाचकाला तत्काळ कळतो.

एवढ्यावर हा विषय संपला असता. पण जून २०२३ मध्ये 'स्पायडरमॅन : अक्रॉस द स्पायडर-व्हर्स' या ॲनिमेशनपटात पवित्र प्रभाकर नव्या रूपात परतला. मुंबई आणि मॅनहॅटन यांचे मिश्रण असलेल्या 'मुंबॅटन' नगरीत तो उड्या मारतो. मुखवट्याबाहेर भुरभुरणारे दाट केस, मनगटात सोनेरी कडी आणि कमरेखाली धोतराच्याच घाटाचा, पण उड्या मारणाऱ्या पायांना साजेसा वेश. 'चाय टी' असे म्हणणाऱ्या पाहुण्याला तो 'चाय' म्हणजेच 'टी' हे सुनावतो. धोतर काढून टाकलेले नव्हते. ते ज्याने नेसले आहे त्याला या वेळी स्वभाव दिला होता. परिणामी जो नायक जुन्या संग्राहकांपुरता उरला होता, तो शाळकरी मुलांच्या तोंडी आला. हा चित्रपट भारतात दहा भाषांत आणण्याचे जाहीर झाले होते आणि त्यांत मराठीचाही समावेश होता. हिंदी व पंजाबीत पवित्रला आवाज दिला तो क्रिकेटपटू शुभमन गिल याने.

हक्क कोणाचा?

कायद्याने पाहिले तर नायक कंपनीचा असतो. त्याला कोणते कपडे घालावयाचे, कोणत्या अंकात मारावयाचे, हा मालकाचा अधिकार. १९९२ मध्ये सुपरमॅनला ७५ व्या अंकात मरण देऊन डीसीने तो अधिकार बजावला. लाखो प्रती खपल्या आणि पुढल्याच वर्षी नायक जिवंत झाला. परंतु नायकाची आठवण वाचकाच्या मालकीची असते आणि ती कोणत्याही करारात लिहिलेली नसते. पोशाख बदलल्यावर उठणारी ओरड ही त्या अलिखित मालकीची नोंद होय.

मराठीच्या संदर्भात हा विचार थोडा अस्वस्थ करणारा आहे. अमेरिकी वाचकांची पत्रे अंकांत नावानिशी छापली जात. त्यामुळे १९८४ चा विरोध आज अभ्यासकाला वाचता येतो. मराठी वाचकाची प्रतिक्रिया मात्र वर्गाच्या शेवटच्या बाकावर, वाचनालयाच्या पायरीवर, लोकलच्या डब्यात उमटली आणि तेथेच विरली. १९९० मध्ये 'इंद्रजाल' बंद पडले, तेव्हा आठशेहून अधिक अंकांचा संसार मोडला. स्वस्त कागदावरचे ते अंक कोणी बांधून ठेवले, कोणी रद्दीत घातले. आपल्या वेताळाला कोणता रंग शोभतो, हे मराठी वाचकाला कोणी कधी विचारले नाही. तरीही त्याने त्या रंगावर जीव लावला.

नंदाखालची आजी आपले लुगडे नातीच्या हाती देते, तेव्हा त्याबरोबर ते कधी आणि कसे नेसायचे हेही सांगते. ज्या घरांत आजही जुने मराठी अंक माळ्यावर पडून असतील, त्यांनी ते झटकून खाली काढावेत आणि मुलांना दाखवताना सोबत आपली प्रतिक्रियाही सांगावी: कोणता अंक दोनदा वाचला, कोणता आवडला नाही, कोणासाठी मित्राशी भांडण झाले. अंक कदाचित कुठेतरी पुन्हा मिळेल. ती प्रतिक्रिया दुसरीकडे मिळणार नाही.

दृष्टिक्षेपात

१९३६ : ली फॉक यांच्या 'फॅन्टम'ची सुरुवात, मराठीत पुढे 'वेताळ'.
१९३८ : 'ॲक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकात सुपरमॅन.
१९३९ : रविवारच्या रंगीत पुरवणीत वेताळाला जांभळा रंग.
१९६४ : मुंबईतून 'इंद्रजाल कॉमिक्स'चा आरंभ.
१९७६ : आबिद सुरती यांचा 'बहादूर'.
१९८४ : स्पायडरमॅन काळ्या पोशाखात.
१९८८ : तीनशेव्या अंकात मूळ रंगांत परत.
१९९० : 'इंद्रजाल कॉमिक्स' बंद.
२००४ : 'स्पायडरमॅन : इंडिया'त धोतर नेसलेला पवित्र प्रभाकर.
२०१० : 'वंडर वुमन'चा सहाशेवा अंक व नवा वेश.
२०११ : सुपरमॅनची लाल चड्डी वगळली.
२०१८ : हजाराव्या अंकात लाल चड्डीचे पुनरागमन.
२०२३ : नव्या वेशातील पवित्र प्रभाकर चित्रपटात.